पाझर तलावाच्या रस्त्यावरची जपानीण

४ डिसेंबर

आईचं म्हणणं असं, की मनात आलं ते मी समोरच्याच्या तोंडावर बोलून मोकळी होते, म्हणून माझं कुणाशी पटत नाही. आधी वहीत ओकत जा, मग बाहेर बोल, असा तिचा हुकूम आहे. तेव्हा ही वही.

आज माझा वर्ग सुरू झाला. पोलीस भरतीची तयारी, फक्त मुलींसाठी, आमच्या टेंभुर्णीत पहिल्यांदाच. विहारासमोर पहाटेच्या थंडीत आठ जणी कुडकुडत उभ्या होत्या. मी स्वतः दोनदा भरतीला उतरले आणि दोन्ही वेळा उंचीच्या पट्टीपाशीच घरी पाठवलं. एक सेंटिमीटर कमी. जिल्ह्याच्या संघातून कबड्डी खेळले आहे, पण पट्टीला त्याचं काय. मला नाही तर नाही, या आठ जणींच्या अंगावर तरी खाकी चढलीच पाहिजे.

रस्ता मिळाला हेच नशीब. शाळेच्या मैदानावर सकाळी क्रिकेटवाल्यांचं राज्य. पाझर तलावाकडे जाणारा रस्ता मात्र यंदाच डांबरी झाला आहे आणि पहाटे तिकडे दुधाची एक मोटारसायकल सोडली तर कुत्रंही फिरकत नाही. त्याच्यावर आठशे मीटर मोजून मी चुन्याच्या फक्कीच्या पांढऱ्या रेघा मारल्या. रेघ दिसली की पायाला धावावंसं वाटतं, हा माझा अनुभव.

मोनाली सगळ्यांत चपळ. तिचे वडील, कारभारीभाऊ, मला घरी येऊन बजावून गेले: हसनाबादचं स्थळ आलं आहे, मुलगा कंपनीत आहे. या भरतीत झालं तर झालं, नाही तर उन्हाळ्यात लगीन. मोनालीनं खाली मान घालून ऐकलं आणि आज सगळ्यांना मागं टाकलं. गोळाफेकीत मात्र तिचा गोळा तिच्याच पायाशी पडतो.

११ डिसेंबर

नुसतं पळून पोरी कंटाळतात, म्हणून शेवटी रस्त्यावरच कबड्डी घेते. साखळी कशी धरायची, घोटा कसा पकडायचा ते शिकवलं. समोरच्याच्या तोंडाकडे बघायचं नाही, तोंड फसवतं. पाय बघायचे. माणूस कुठं जाणार ते पायाला आधी कळतं.

स्टँडवरच्या मोबाइल दुकानाचा समाधान आज आम्हाला स्टॉपवॉच देऊन गेला. पैसे घेईना. पहाटे रस्त्यावर दिसते ती दुधाची मोटारसायकल त्याचीच. तलावाच्या अंगाला त्याचं शेत आहे, म्हशी तिकडेच बांधतो, स्वतः धारा काढतो, स्वतः डेअरीला दूध घालतो. बायको पावसाळ्यात पोरीला घेऊन निघून गेली, एकटा पडला बिचारा. काही बायकांना चांगला नवरा पचत नाही.

हे आईला बोलले, तर ती भाकरी थापता थापता म्हणाली, "तू बघितलं का तिला जाताना?" मी नाही बघितलं. कुणीच नाही बघितलं, पण गावात सगळ्यांना ठाऊक आहे. आईचं नेहमी काहीतरी वेगळंच.

१९ डिसेंबर

गावाच्या ग्रुपवर एक व्हिडिओ फिरतो आहे. धुकं, आमचाच तलावाचा रस्ता, आणि पाठमोरी चाललेली एक बाई, तोंडाला स्कार्फ. वर भीतीदायक वाजंत्री, खाली मजकूर: जपानमधली तोंडफाटी बाई आता आपल्या भागात. ती वाटेत अडवते आणि विचारते, "मी सुंदर दिसते का?" हो म्हणा की नाही म्हणा, मरण ठरलेलं. तोंडावरचं फडकं काढते तेव्हा तोंड कानापर्यंत फाटलेलं असतं. सुटायचा एकच उपाय, तिच्यापुढं गोळ्या-चॉकलेट फेकायचं. ती वेचायला वाकली की पळायचं.

मी पोट धरून हसले. आमच्याकडे स्कूटीवर बसणारी प्रत्येक पोरगी धुळीनं नि उन्हानं डोळे सोडून सगळं तोंड बांधते. त्या हिशोबानं अर्धा जालना जिल्हा जपानी आहे.

आईलाही व्हिडिओ दाखवला. ती म्हणाली, "आपल्या गावात एसटी टायमावर येईना, ही जपानहून बराबर कशी आली?" मग विचारलं, "तोंड कोणी फाडलं म्हणे तिचं?" मी सांगितलं, व्हिडिओतच आहे तसं, नवऱ्यानं, संशयावरून. आई म्हणाली, "मंग त्याला भ्यायचं सोडून तिला काऊन भिऊन राह्यलेत लोक?"

भुताच्या गोष्टीत कुणी एवढा विचार करतं का.

२१ डिसेंबर

हसू दोन दिवसही टिकलं नाही. आज तिघीच आल्या. एकीच्या आजीनं तिला दाराला कडी घालून कोंडलं. दुसरीच्या भावानं सांगितलं, त्यानं स्वतः ती जपानीण पुलाजवळ पाहिली, ती हवेत चालत होती. हा भाऊ अकराच्या आधी उठत नाही, हे सगळ्या गावाला माहीत आहे.

२३ डिसेंबर

आज बाजार होता आणि आज मला आमच्या गावाची किळस आली.

गोजरबाई म्हणून एक म्हातारी सुया, दोरे, पिना विकायला बसते. दाढ सुजली म्हणून तिनं तोंडाला पदर गच्च बांधला होता. कुणीतरी ओरडलं, जपानीण. पाच-पन्नास माणसं जमली. एकानं तिचा पदर ओढला, एकानं टोपली लाथाडली, आणि ती दोन्ही हातांनी डोकं झाकून खाली बसली. मी गर्दीत कोपरं मारत घुसले, पण माझ्या आधी आई पोचली होती. तिनं गोजरबाईपुढं उभं राहून एकेकाचं नाव घेतलं, त्याच्या आईचं नाव घेतलं आणि लहानपणी कोण चड्डीत काय करायचं तेही सांगितलं. गर्दी पांगली. गोजरबाईच्या हाताला टाचण्या घुसल्या होत्या, त्या मी काढल्या. 

समाधान तिथंच होता. तो म्हणाला, "ताई, लोक घाबरलेत, त्यांची चूक न्हाई. तुम्ही पोरींना त्या रस्त्यानं नेऊच नका." बोलायला मऊ माणूस आहे.

२४ डिसेंबर

कारभारीभाऊ आले होते. मोनाली उद्यापासून येणार नाही. पोरीचं काही बरंवाईट झालं तर हसनाबादवाल्यांना काय सांगू, म्हणाले. मी म्हटलं, भूत कधी बघितलं का तुम्ही? ते म्हणाले, "न्हाई बघितलं. पण व्हिडिओ बघितला ना."

 मोनाली दारामागं उभी होती. तिचा रडून लाल झालेला चेहरा बघून माझं डोकं फिरलं. भरतीचं मैदान तोंडावर आलं आहे, आणि एका जपानी बाईपायी ही पोरगी चूल फुंकायला जाणार.

२७ डिसेंबर

उपाय काढला. लोकांची गोष्ट लोकांच्याच गळ्यात. किराणा दुकानातून लिमलेटच्या गोळ्यांची मोठी पुडी आणली आणि घरोघरी जाऊन सांगितलं, प्रत्येकीच्या खिशात गोळ्या राहतील, मग काय भीती? व्हिडिओवर विश्वास ठेवणाऱ्यांना हे पटलं. कारभारीभाऊंनी तर आपल्या हातानं मोनालीचा खिसा भरला. चौघी आल्या.

आणि आज ती दिसली.

मला लिहितानाही लाज वाटते, पण लिहिते. शेवटच्या रेघेच्या पलीकडे छोट्या पुलाजवळ धुक्यात बाई उभी. तोंडाला हिरवा स्कार्फ, हातात पाण्याची कॅन. तिनं हात वर केला. आमच्यातली अर्पिता किंचाळली आणि सगळ्यांनी खिसे रिकामे केले. मीसुद्धा. गोळ्या डांबरावर टणटण उडाल्या, आणि ती खाली बसली. एकेक गोळी वेचायला लागली. अगदी व्हिडिओत सांगितलं तसंच. मग आम्ही जे पळालो ते विहाराच्या पायरीवर येऊन पडलो. मोनालीनं स्टॉपवॉच बघितलं आणि धापा टाकत म्हणाली, "ताई, आजचा टाइम एक नंबर आहे." सगळ्या रडत होत्या, त्या एकदम हसायला लागल्या.

मी वयाच्या एकतिसाव्या वर्षी लिमलेटची गोळी फेकून पळाले. बाबासाहेबांच्या फोटोकडे आज बघवत नाही.

२८ डिसेंबर

दिवसभर एकच डोळ्यापुढं येतं. पळता पळता मी मागं वळून बघितलं, तिनं गोळी तोंडात टाकली नाही. एकेक पुसून पदराच्या टोकाला बांधली. भूत एवढं काटकसरी असतं का?

३० डिसेंबर

पुलाच्या कठड्यावर मी रोज मूठभर गोळ्या ठेवते. मुलींना सांगितलं, हा भुताचा हप्ता. हप्ता पोचतोय तोवर ती आपल्या वाटेला येणार नाही. काल बिस्किटाचा पुडा ठेवला, तोही गेला. आता सहा जणी येतात.

समाधान संध्याकाळी घरी आला. त्याला कुणीतरी सांगितलं होतं. ती नेमकी कुठं दिसली, किती जवळ होती, काही बोलली का, हे त्यानं फिरवून फिरवून विचारलं. ती बोलली का, हे तर तीनदा. मग म्हणाला, शाळेचं मैदान मी तुम्हाला मिळवून देतो, क्रिकेटवाल्यांना मी सांगतो, पण तो रस्ता सोडा. एवढी काळजी सख्खा भाऊ करत नाही. आई मात्र त्याला चहा न विचारता आत निघून गेली. तो गेल्यावर मी तिच्याशी भांडले.

२ जानेवारी

मी मूर्ख आहे. पकडीचं सगळ्यांना शिकवते आणि स्वतः तोंडाकडे बघत बसले.

आज मुलींना अलीकडच्या रेघेवर थांबवलं आणि मी एकटी पुढं जाऊन बाभळीमागं उभी राहिले. ती आली तेव्हा तिच्या पायांकडे बघितलं. पाय सरळ, भेगा पडलेले. एका चपलेचा अंगठा तारेनं बांधलेला. डावा पाय जरा ओढत चालत होती. आणि दोन्ही पायांत जोडवी.

भुताला जोडवी कोण घालतं? ही कुणाची तरी बायको आहे. तिनं कठड्यावरच्या गोळ्या पदरात बांधल्या, पुलाजवळच्या नळावरून कॅन भरली आणि समाधानच्या शेताच्या बांधानं निघून गेली. मी मुलींना घेऊन मागं फिरले. 

३ जानेवारी

आज सावित्रीमाईंची जयंती. विहारात कार्यक्रम होता, मला त्यातलं एक अक्षर ऐकू आलं नाही.

पहाटे कठड्यावर गोळ्या ठेवल्या नाहीत. मीच बसले. ती आली आणि मला बघून मागं फिरायला लागली. मी आधी माझा स्कार्फ सोडला आणि बाजूला ठेवला. म्हटलं, मी भावना, केशरबाईची पोरगी. ती परत वळली. मग तिनं तिचा सोडला.

उजवा ओठ कानाच्या दिशेनं फाटलेला होता. पोत्याला दाभणानं टाके घालावेत तसे जाड टाके घालून गाल ओढून शिवला होता. त्यावर एका बाजूला अजून खपली होती. मला ओरडावंसं वाटलं, पण मी तिच्या डोळ्यांकडे बघत राहिले. ती दैवशाला. समाधानची बायको. गावाच्या मते कुणाबरोबर तरी पळून गेलेली, जिला चांगला नवरा पचला नाही.

तिला बोलताना त्रास होतो, शब्द अर्धे हवेत जातात. पावसाळ्यात एकदा दुकानावर कुणाशी तरी हसून बोलली म्हणून त्यानं विळा घेतला. "लई हासती ना, आता जन्मभर हास," असं म्हणाला. कुठल्याशा ओळखीच्या माणसाकडून शेतातच टाके घालून घेतले. तेव्हापासून ती तिथं पत्र्याच्या खोलीत आहे. पहाटे तो डेअरीला जातो तेवढीच तिला पाण्यासाठी मोकळीक.

मी म्हटलं, मग रस्त्यानं सरळ निघून का आली नाहीस? तिनं खोलीकडे बोट केलं.

"ईश्वरी आत हाय. मला भायेर सोडतो आन् पोरीला कुलूप लावून जातो. चावी त्याच्या करदोड्याला." मग म्हणाली, "तुमच्या गोळ्या तिला लई आवडल्या."

गोळ्या वेचायला ती का वाकली, ते मला आत्ता कळलं. मी आल्यावर आईला सगळं सांगितलं. आई म्हणाली नाही, की मी सांगत होते. तिनं माझं डोकं मांडीवर घेतलं आणि मी लहान पोरीसारखी रडले.

४ जानेवारी

रडून झालं. आता राग आहे आणि तो मला उपयोगी पडतो.

आधी पोलिसांना कळवावं का? त्याचं दुकान म्हणजे गावाचा कान. गाडी फाट्यावर वळली की त्याच्या फोनवर बातमी येईल आणि पोरगी कुलपाआड, चावी त्याच्याकडे. आधी पोरगी बाहेर काढायची, त्याच वेळी ११२ ला फोन लावायचा. ईश्वरीला काही झालं तर मी कुणाला तोंड दाखवू, हेही दहा वेळा मनात आलं. पण रोज त्या नळाजवळून पळत जायचं आणि काहीच करायचं नाही, हे माझ्यानं होणार नाही.

आठही जणींना घरी बोलावून खरं सांगितलं. ज्यांना यायचं नाही त्यांनी येऊ नका, मी रागावणार नाही, म्हटलं. कुणी उठलं नाही. मोनालीनं एवढंच विचारलं, कुलूप कसलं आहे.

घरून सोडण्याचं काम आईनं अंगावर घेतलं. उद्या पहाटे विहारात खास वंदना आहे, पोरी पाठवा, असं ती घरोघर सांगून आली. शिवाय तिनं शेजारणीकडून उद्याचं दूध मागून घेतलं आहे. आमच्याकडे म्हैस नाही. विचारलं तर म्हणाली, "तुला पळायचं कळतं, मला भांडायचं. आपापलं काम करू."

५ जानेवारी

जाफराबादच्या दवाखान्याच्या बाकावर बसून लिहिते आहे. हाताला खरचटलं आहे, अक्षर वेडंवाकडं येईल. येऊ दे.

पहाटे समाधानची मोटारसायकल किटल्या घेऊन गेली तेव्हा आम्ही तुरीच्या शेतात पाट्यांआड दबा धरून होतो. ती वळणाआड गेल्याबरोबर मी ११२ ला फोन लावला. दैवशाला नळावर होती. आम्हाला बघून तिनं कॅन टाकून दिली आणि आमच्या आधी खोलीकडे धावली, तो ओढका पाय घेऊन.

कुलूप पितळी, दणकट. अर्पितानं दगड घातला, दगडच फुटला. मोनाली पिशवीतून सरावाचा गोळा काढून पुढं झाली. चार किलोचा लोखंडी गोळा, जो तिच्यानं कधी धड फेकला गेला नाही. दोन्ही हातांनी डोक्यावर उचलून तिनं तो असा हाणला, की कुलूप राहिलं जागच्या जागी आणि कोयंडा भिंतीतून उपटून आला. दार उघडलं. कोपऱ्यात गोधडीवर चार वर्षांची पोर बसली होती. तिच्यापुढं गोळ्यांचे सगळे कागद ओळीनं मांडलेले. आम्हा नऊ जणींकडे बघून तिनं हात पुढं केला आणि म्हणाली, "गोळी?"

कुणाच्या खिशात एक गोळी असेल तर शपथ.

मी तिला पाठुंगळी घेतलं आणि आम्ही रस्त्याला लागलो. दैवशालाला दोघींनी धरलं होतं. तिकडे डेअरीवर आईनं काय केलं ते नंतर कळलं. शेजारणीच्या दुधाला फॅट कमी लावली म्हणून तिनं समाधानच्या पुढं रांग अडवली, यंत्र तीनदा धुवायला लावलं, डेअरीवाल्याच्या सात पिढ्या काढल्या. समाधान म्हणाला, मावशी, जल्दी करा, तर त्याला म्हणाली, बायको घरी वाट बघून राह्यली का तुझी? तो दूध तसंच ठेवून निघाला. टोमण्याचा मोह आवरला नाही आईला.

आम्ही शेवटच्या रेघेला पोचायच्या थोडं आधी त्याचा दिवा समोरून आला. गाडी आम्हाला ओलांडून मागं गेली आणि तिथं त्यानं ती टाकली. ईश्वरीला मी अर्पिताच्या कडेवर दिलं आणि तिला दैवशालाबरोबर रेघेपलीकडे, गावाच्या दिशेनं पळायला सांगितलं. तो माझ्याशी अगदी मऊ बोलला. "ताई, घरची भानगड हाय. तुम्ही यात पडू नका." गाडीच्या गवताच्या भाऱ्यातून त्यानं विळा काढला, तेव्हाही आवाज तसाच मऊ.

मला भीती वाटली. खोटं कशाला लिहू. पण मी त्याच्या तोंडाकडे बघितलं नाही. पाय बघितले. उजवी टाच उचलली म्हणजे तो डावीकडून निघणार, दैवशालाच्या मागं. मी ओरडले, "साखळी!"

तो निघाला आणि मी घोट्याला लागले. मोनालीनं विळ्याचा हात धरून पिरगाळला, विळा डांबरावर वाजला, एकीनं तो लाथेनं शेतात उडवला. दोन्हीकडून साखळी आवळली. तो पडला तरी फरपटत पुढं जात होता, हात फक्कीच्या रेघेकडे. कबड्डीत पकडलेल्यानं रेघ शिवली की सगळं फुकट जातं. हे पोरींच्या अंगात इतकं मुरलेलं, की कुणी न सांगता सगळ्या त्याच्यावर पडल्या. तो रेघेच्या अलीकडे राहिला. त्याची बोटं पांढऱ्या रेघेपासून वीतभर लांब होती आणि तिथून पुढं सरकली नाहीत.

पोलिसांची गाडी आली तेव्हा आम्ही त्याच्यावर बसूनच होतो. गाडीतून एक मॅडम उतरल्या. खाली माणूस, वर पोरींचा ढीग. त्यांनी विचारलं, "तुम्ही कोण?" ढिगाच्या वरून मोनाली म्हणाली, "भरतीवाल्या, मॅडम."

मॅडम हसल्या नाहीत, पण बेड्या घालताना दोनदा वळून त्यांनी तिच्याकडे बघितलं.

८ जानेवारी

व्हिडिओ त्यानंच काढला होता. त्याच्या फोनमध्ये मूळ सापडला. पाठमोरी दैवशाला, हातात कॅन. पहाटे ती एक-दोघांच्या नजरेस पडली, तेव्हा कुणी जवळ जाऊ नये म्हणून त्यानं कुठली तरी जपानी गोष्ट शोधून वर चिकटवली. आपणच केलेलं काम त्यानं अख्ख्या गावाला सांगितलं, नवऱ्यानं तोंड फाडलं हेसुद्धा, आणि आम्ही तेवढंच सोडून बाकी सगळं ऐकलं.

आता स्टँडवर जो तो म्हणतो, आम्हाला आधीपासून शंका होती. आई म्हणते, शंका होती तर बाजारात म्हातारीची टोपली काऊन लाथाडली?

१० जानेवारी

आज रस्त्यावर गेले तर माझ्या आधी कुणीतरी वाकून फक्की टाकत होतं. कारभारीभाऊ. पकडापकडीत पुसलेल्या रेघा पुन्हा मारत होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "हसनाबादला कळवलं. पोरगी नोकरीला लागल्याबिगर लगीन न्हाई. बिलकुल न्हाई." रेघ वाकडी होती. मी तशीच राहू दिली.

दहा नव्या मुली आल्या. त्यात, ज्या घरात आजीनं पोरीला कडी घालून कोंडलं होतं त्या घरातल्या दोघी, आणि सोबत तीच आजी, राखणीला.

१९ फेब्रुवारी

दैवशालावर छत्रपती संभाजीनगरच्या सरकारी दवाखान्यात ऑपरेशन झालं. जुने टाके काढून गाल पुन्हा नीट जोडला. व्रण राहणार, पण ओठ मिटतात. डॉक्टरांनी सांगितलं, गालात बळ यायला रोज काहीतरी फुंकत जा, फुगा म्हणा, पिपाणी म्हणा. मी माझी कबड्डीची शिट्टी दिली. तिनं फुंकली. नुसती हवा गेली, फुस्स. ईश्वरी हसून लोळली. दैवशालाही हसली, तिच्या नव्या तोंडानं, आणि दुखलं म्हणून गाल धरून पुन्हा हसली. समाधानला जामीन नाकारला हे मी तिला तेव्हाच सांगितलं.

२६ फेब्रुवारी

जालन्याला मैदान झालं. मोनाली धावण्यात पहिल्या फळीत. गोळा तर तिनं असा फेकला की मोजणारे टेप घेऊन पुढं सरकले. मी विचारलं, कसं जमलं? म्हणाली, "डोळ्यांपुढं ते कुलूप आणलं." लेखी बाकी आहे, पण कारभारीभाऊ आत्तापासूनच तिला फौजदारीणबाई म्हणतात.

४ मार्च

दैवशाला आता आमच्याकडेच राहते. आईबरोबर आज बाजाराला गेली, तोंडाला काही न बांधता. लोक बघत होते. एक टगा मोबाइल वर करून तिचा फोटो काढायला लागला. ती त्याच्यापुढं जाऊन उभी राहिली आणि सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असं विचारलं, "मी सुंदर दिसती का?"

तो असा पळाला की एक चप्पल तिथंच राहिली. गोजरबाई आपल्या टोपलीमागून उठली, दैवशालाच्या गालावरून हात फिरवून तिनं कानाजवळ बोटं मोडली आणि टिकल्यांचं पाकीट तिच्या हातात ठेवलं.

१५ मार्च

मोनालीची लेखी झाली, आता निकालाची वाट. पण पुढच्या भरतीसाठी आज रस्त्यावर अठरा जणी रेघेवर उभ्या होत्या. त्या पत्र्याच्या खोलीचं दार उघडंच आहे, आत कुणाच्या तरी शेळ्या बांधलेल्या दिसल्या.

मी शिट्टी तोंडाला लावणार, तेवढ्यात दैवशालानं ती माझ्या हातातून घेतली. म्हणाली, "थांबा. आज जमंल." ईश्वरी कठड्यावर बसून गोळी चघळत होती, तिनं चघळणं थांबवलं.

पहिल्यांदा हवा गेली. दुसऱ्यांदाही. पोरी रेघेवर वाकून तशाच राहिल्या, एकीनंही मान वळवली नाही. तिसऱ्यांदा तिनं डोळे मिटले, गाल धरले, आणि शिट्टी वाजली. अशी वाजली की बाभळीवरचे बगळे उठले आणि तलावाच्या पलीकडून तिचा आवाज परत आला.

अठरा जणी सुटल्या. दैवशाला वाजवतच राहिली, थांबेचना. मी तिला सांगितलं, बाई, एकदाच वाजवायची असते. तिनं माझं ऐकलं नाही.